खालची अक्षरं

चित्रपट चिनी, खालची अक्षरं इंग्रजी,
आई दोन्हींपासून सारखीच लांब.
फिल्म क्लबच्या फुकट पासावर दोन खुर्च्या,
पंखा एकच, तोही सेक्रेटरींच्या डोक्यावर,
बाहेर मे महिन्यातलं सोलापूर
संध्याकाळी सहालाही तव्यासारखं.

मी कुजबुजत सांगू लागले,
हे गाव, ही नदी, हे सैनिक जपानी.
तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला:
"गप गं श्यामले. दिसलालंय मला."

पडद्यावर एक बाई पीठ मोजत होती,
वाटीनं नाही, मुठीनं,
आणि मूठ दर खेपेला जराशी लहान.
आई पुढं सरकून बसली.
मोजणं तिला कळतं:
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
त्यातून दासरी चेकर बोटांनी चेपून चेपून
बाजूला काढायचा त्या वेगळ्या.
त्यांचे पैसे नाहीत,
आणि पान कमी पडलं तर विकत आणा.

मग विमानं आली. दिसली नाहीत, नुसता आवाज.
सगळं गाव बर्फातून पळत सुटलं.
ती बाईही. पोर पाठीला बांधलेलं,
मीठ बुटाच्या अस्तरात शिवलेलं,
चुलीवरचं पातेलं तसंच.

पुढं दीड तास युद्ध.
पूल उडाला.
नवरा हरवला, सापडला, पुन्हा हरवला.
एक म्हातारे मास्तर चष्मा विकून बटाटा घेतात
आणि तो नीट दिसत नाही म्हणून
नुसते हातात धरून बसतात.
इथं मला रडू आलं.
पुढच्या रांगेतले प्राध्यापकही नाक पुसत होते.
आई रडली नाही.
अंधारात तिची बोटं चालू होती,
मांडीवर नसलेल्या सुपात
नसलेलं पान वळत, टोक दुमडत, दोरा गुंडाळत.

मधेच म्हणाली,
"कडक भाकरी घ्यायची हुती की बरोबर.
म्हैनाभर बगाय नको."
मागून कुणीतरी श्शू केलं.

दिवे लागले. चर्चा झाली.
कुणी प्रकाशाबद्दल बोललं, कुणी मौनाबद्दल,
'व्यवस्था' हा शब्द तीनदा आला.
सेक्रेटरींनी अदबीनं विचारलं,
"मावशी, तुम्हाला काय वाटलं?"
आईनं पदर सावरला.
चार माणसांत ती मराठी जपून बोलते,
तेलुगूचा पाय मधे येऊ नये म्हणून.
"तिनं चूल इझवली का न्हाई?"

लोक हसले, वाईट नाही हसले.
दिग्दर्शकानं ते दाखवलेलं नाही, सेक्रेटरी म्हणाले.
"मग बगाय पायजे हुतं त्यानं."

रिक्षात अशोक चौकापर्यंत गप्प.
मग बोलली, बाहेर बघत, जे मला माहीत नव्हतं:
गिरणी बंद पडली त्या वर्षी
उपोषणाच्या मांडवात बाबा कोसळल्याचा निरोप आला
आणि ती मला कडेवर घेऊन धावली.
चुलीवर डाळ होती.
तीन दिवस सिव्हिलमध्ये.
"तुझ्या बापाची काळजी हुतीच,
पण डोक्यात सारखी चूल."
चौथ्या दिवशी घरी आली
तर करपलेलं भांडं घासून पालथं घातलेलं,
चुलीतली राखसुद्धा भरलेली.
शेजारची इरव्वा. पुढं कधी
त्यावर एक शब्द बोलली नाही.

"त्या गावात मात्र," आई म्हणाली,
"सगळीच पळाली गं."

साखर पेठेत उतरलो.
उद्याचे साडेतीनशे बाकी होते, तिनं सूप ओढलं.
मी दोन तास खालची अक्षरं वाचली होती,
एकही सोडलं नव्हतं,
आणि पातेल्यात काय होतं ते मला आठवेना.
तिला विचारलं.

"रताळी," म्हणाली, दोरा दातात धरून.
"तीन. त्यातलं एक बारकं."